सातवा गडी

बंगळूरच्या राजाजीनगरातला मोठा रस्ता ओलांडताना मला हाक ऐकू येते. ‘उजवीकडं!’ एवढीच. मराठीत, त्यातही आमच्या निपाणीकडच्या मराठीत. भर दुपारी, रिक्षांच्या आणि बसच्या भोंग्यांमधून ती नेमकी माझ्यापर्यंत पोचते आणि माझे पाय जागच्या जागी थिजतात. मागचा माणूस माझ्यावर आदळतो, कन्नडमध्ये काहीतरी करवादतो आणि पुढे निघून जातो. मी मात्र गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून रस्त्याच्या मधोमध उभा असतो. वळून बघण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं. तरी मी वळून बघतोच.

बायको पुण्याची, आयटीतली. तिला कुठल्याही गोष्टीवर तपासणी हा उपाय दिसतो. ‘तू प्लीज एकदा ईएनटीला दाखवून ये. दिस इज नॉट नॉर्मल हां,’ असं तिने चार-पाचदा म्हटल्यावर मी गेलो. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र लावलं, बारीकसारीक आवाज ऐकवले आणि कान उत्तम आहेत असं कागदावर लिहून दिलं. ते मला आधीच ठाऊक होतं. ऐकू येण्याच्या बाबतीत मी कधीच कमी पडलो नव्हतो.

ती हाक ज्याची आहे, तो माणूस जिवंत आहे. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर कुणाला वाटायचं मी भुताखेताची गोष्ट सांगतोय. तो बंगळूरच्या बाहेर आनेकलला राहतो आणि एका लहानशा कारखान्यात पाळीवर जातो. मेलेल्या माणसाचं भूत उतरवायला निदान कुणीतरी मांत्रिक मिळतो. जिवंत माणसाचं मानगुटीवर बसलं की आपणच बस पकडून त्याच्या दारात जावं लागतं, आणि ते मी चार वर्षं टाळलं.

तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आमच्याच तालुक्यातला. संघातली सगळी पोरं त्याला अण्णा म्हणायची, म्हणून मीही. बंगळूरच्या ज्या कंपनीत आम्ही दोघं खेळाडू म्हणून कंत्राटावर लागलो, ती यंत्रांचे सुटे भाग बनवते. तिथल्या कुणा जुन्या साहेबाला खो-खोचं वेड होतं, त्याने संघ उभा केला. साहेब निवृत्त झाला, संघ राहिला. सकाळी मशीनवर, संध्याकाळी मैदानावर, आणि उरलेला वेळ राजाजीनगरातल्या एका खोलीत आम्ही दोघं. स्वयंपाक तो करायचा. मी भांडी घासायचो आणि भाजीला नावं ठेवायचो. संघात बाकी सगळे कन्नड बोलणारे, मराठी आम्ही दोघंच.

ज्यांनी शाळेत खो-खो पाहिलाय त्यांना खेळ समजावून सांगायला नको. पण मैदानाबाहेरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते. पळणारे नऊ गडी एकदम आत उतरत नाहीत. तिघातिघांच्या तीन तुकड्या असतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. आमच्या स्पर्धांत पाळी नऊ मिनिटांची. पहिल्या दोन तुकड्या चिवट निघाल्या, तर तिसऱ्या तुकडीच्या पायाला माती लागत नाही. तुम्ही कितीही मोठे पळणारे असा, कडेला उभं राहून घरी जायचं.

कडेला उभ्या असलेल्या गड्यालाही काम असतं. आत पळणाऱ्याची पाठ असते पाठलाग करणाऱ्याकडे. बसलेल्या आठांपैकी खो मिळून कोण उठेल, कुठल्या बाजूने येईल, हे त्याला दिसत नाही. ते बाहेरच्याने ओरडून सांगायचं. बाकीची पोरं कन्नडमध्ये ओरडायची आणि त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांनाही सगळं कळायचं. आमच्या दोघांचं मात्र मराठीत चाले. ‘उजवीकडं’, ‘डावीकडं’, ‘खांब सोड’, ‘थांब’. पलीकडच्या पोरांना वाटे आम्ही काहीतरी भानगडीचे संकेत ठरवलेत. ‘एन हेळ्तानो मगा,’ हा काय बोलतोय रे, असं एकमेकांना विचारताना मी त्यांना ऐकलंय. या शहरात मराठी घराबाहेर कुणाच्या उपयोगी पडत नाही. आमच्या ती पडली.

पाच वर्षांत अण्णाची एक हाक चुकली नाही. सुरुवातीला मी हाक ऐकून विचार करायचो आणि मग वळायचो. नंतर नंतर हाक कानावर पडली की पाय आपोआप फिरायचा. सर एकदा म्हणाले होते, पळतो हा, पण डोळे त्याचे. सर कन्नड, वयस्कर, आमचे प्रशिक्षक. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलले तर खूप. त्यातलं एक हे.

मग लीग आली. माती गेली, मॅट आली. टीव्हीवर झगमगाट, गड्यांच्या पाठीवर नावं. आमच्या खेळाला असे दिवस येतील असं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं, त्यामुळे सगळेच हुरळले. मीही हुरळलो, खोटं कशाला बोलू? पण एक बदल मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आधी मैदानावरून परतताना पोरं ‘आपण जिंकलो’ किंवा ‘आपण हरलो’ म्हणायची. लीगची निवड सुरू झाल्यापासून प्रत्येक जण आपापले सेकंद सांगू लागला. मी दोन मिनिटं चाळीस पळालो. मी तीन दहा. संघ हरला तरी ज्याचे सेकंद जास्त, तो शिट्टी वाजवत घरी. या पोरांना मी नाकं मुरडायचो. कर्णधार होतो ना मी. संघभावनेवर लंबंचौडं बोलायचो, आणि खोलीवर आलो की माझे सेकंद डायरीत लिहून ठेवायचो. अण्णाला ते दिसायचं. तो हसायचा, आणि भाजीला फोडणी द्यायचा.

कंपनीने शब्द दिला, जो लीगमध्ये निवडला जाईल त्याला कायम करू. संघात त्या लायकीचे दोघंच, तो आणि मी. मी एकोणतिशीचा, तो एकतिशीचा. खो-खोत हे वय म्हणजे आवराआवरीचं. पुढच्या वर्षी दोघांनाही कुणी विचारणार नव्हतं.

कंपन्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना बंगळुरातच होता. लीगची दोन माणसं येऊन बसली होती, हातात वही आणि फोन. शेवटच्या पाळीत पळायचं होतं आम्हाला. समोरच्यांना जिंकायला सात गडी बाद करायचे होते. मधल्या सुट्टीत सरांनी मला बाजूला घेऊन क्रम सांगितला. पहिल्या तुकडीत तीन तरुण पोरं. दुसरीत अण्णा आणि आणखी दोघं. तिसरीत मी आणि उरलेले दोघं. सामना दुसऱ्या तुकडीने पेलायचा होता, म्हणून सरांनी त्यांचा सगळ्यात भरवशाचा गडी तिथे ठेवला होता. हे मला तेव्हाही पटलं होतं. नंतर मी स्वतःला सांगत आलो की मला पटलं नव्हतं, पण पटलं होतं.

क्रमाची चिठ्ठी कर्णधाराने लिहून गुणलेखकाकडे द्यायची असते. मी लिहिली. दुसऱ्या तुकडीत माझं नाव आणि तिसरीत अण्णाचं. अक्षर चांगलं आलं होतं.

मग अण्णाकडे गेलो. तो जमिनीवर बसून घोट्याला पट्टी बांधत होता.

‘सर म्हणतात, तुला शेवटाला राखून ठेवूया.’

त्याने वर बघितलं. ‘सर म्हणाले?’

‘व्हय.’

सर पलीकडे पंचांशी बोलत होते. अण्णाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि मग ‘सरी’ म्हणून पट्टीचं टोक आत खोचलं. ठीक आहे. एवढंच.

पहिली तुकडी पळत असताना मी आत जायच्या तयारीत उभा राहिलो तेव्हा सरांच्या कपाळाला आठी पडली. मी साळसूदपणे म्हणालो, ‘अण्णाचा पाय भरून आलाय सर. तोच म्हणाला, तू जा.’ सर पुन्हा मैदानाकडे बघू लागले. दोन खोटी वाक्यं मी अशी बसवली होती की एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय ती उघडी पडणार नव्हती, आणि ते दोघं एकमेकांना कधी काही विचारत नसत, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या स्वभावावर मी डाव मांडला होता.

पहिली तुकडी तीन मिनिटांच्या आत आटोपली. आम्ही उतरलो. माझ्याबरोबरचे दोघं सातव्या मिनिटापर्यंत बाद झाले. पाच गडी गेले होते आणि आत मी एकटा. आयुष्यात मी त्या दिवसासारखा कधी पळालो नाही. पण ते पळणं माझं एकट्याचं नव्हतं. कडेला तिसऱ्या तुकडीत उभा राहून अण्णा हाका देत होता. ‘डावीकडं!’ पाय वळला, मी सुटलो. ‘खांब सोड!’ सोडला, मागे कुणीतरी सूर मारून खांबावर आपटल्याचा आवाज आला. त्याच्या प्रत्येक हाकेनं मी वाचत होतो, आणि मी जितका वाचत होतो तितका त्याचा वेळ संपत होता. लीगची माणसं वहीत लिहीत होती ते माझे सेकंद होते. त्यातला प्रत्येक त्याच्या वाट्यातून काढून तो मला देत होता. त्याचा घसा बसला होता. मला तो बसलेला ऐकू येत होता.

अर्धं मिनिट उरलं. मी खांबाजवळ होतो, छाती फुटायच्या बेतात. ‘उजवीकडं!’ अशी हाक आली. स्वच्छ आली. माझी मान वळलीसुद्धा.

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं, हा मला बाद करतोय. त्याला आत यायचंय. शेवटचं अर्धं मिनिट तरी त्या वहीवाल्यांना दिसायचंय. का नाही दिसावंसं वाटणार? त्याच्या जागी मी असतो तर मी हेच केलं असतं. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्याची हाक तोलून पाहिली, आणि माझ्याच मापाने तोलली. मी डावीकडे गेलो.

डावीकडे हात तयारच होता. माझ्या पाठीवर थाप बसली. सहावा.

तिसऱ्या तुकडीला लगेच आत यावं लागतं. दम घ्यायला, अंदाज घ्यायला वेळ नसतो, समोरच्यांची खोची साखळी चालूच असते. सहा मिनिटं ओरडून ओरडून घसा बसलेला अण्णा थंड पायांनी त्या चरकात शिरला. एक हुलकावणी दिली, दुसरी दिली. तिसऱ्या वेळी त्याला कुणी हाक द्यायला नव्हतं. हाक द्यायचं काम माझं होतं, आणि मी गुडघ्यांवर हात ठेवून खाली मान घालून उभा होतो. समोरच्याने सूर मारला. अण्णा पडला तेव्हा वेळ संपायला काही सेकंदच उरले होते. सातवा. सामना गेला.

पोरं रडकुंडीला आली होती. घोळका जमला. लीगची ती दोन माणसं चार पावलांवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. सरांनी आधी मला विचारलं, ‘उजवीकडे मोकळं होतं. हाक आली नाही का तुला?’

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. बहुतेक ‘गोंगाट होता’ असं म्हणालो असतो. पण त्याआधीच अण्णा म्हणाला, ‘उशिरा दिली सर. माझी चूक झाली.’

मी तोंड मिटलं.

लीगने मला घेतलं. शिबिराला निघालो तेव्हा विमानतळाकडे जाताना देवनहळ्ळीच्या अलीकडे कॅबमध्ये मी ती हाक पहिल्यांदा ऐकली. ‘उजवीकडं!’ सकाळचे दहा वाजले होते. ड्रायव्हरला विचारलं, तुम्ही काही म्हणालात का? त्याने आरशातून माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. उजवीकडे द्राक्षाची एक बाग आणि प्लॉट विक्रीची पाटी, बाकी काही नाही.

त्या हंगामात मी एकदाही मॅटवर उतरलो नाही. राखीव गड्यांच्या खुर्चीत खांद्यावर टॉवेल टाकून बसलो, टाळ्या वाजवल्या, परत आलो. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. पण कंपनीने शब्द पाळला, मी कायम झालो. अण्णा सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आला नाही. पोरं बोलवायला आली तर म्हणायचा, बास झालं आता. त्याचं कंत्राट संपलं, वाढवलं नाही. मी शिबिरात असतानाच तो खोली सोडून गेला. शेगडी, पातेली, तवा, सगळं मला ठेवून गेला होता. घासून.

यानंतर जे केलं ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. कंपनीत नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी दरवर्षी एक दिवस ‘टीम स्पिरिट’चा कार्यक्रम असतो. लीगमध्ये गेलेला माणूस म्हणून बोलायला मला उभं करतात. आणि मी काय सांगायचो? तोच सामना. कसा मी शेवटपर्यंत झुंजलो, आणि कशी एक हाक उशिरा आली, आणि कसा सातवा गडी ऐन वेळी पडला. मग म्हणायचो, संघात एकाचं लक्ष ढळलं की सगळ्यांचं जातं. टाळ्या पडायच्या. चांगलं बोलतो मी. तीन वर्षं हे भाषण केलं. ज्याने माझा दोष अंगावर घेतला, त्याचाच दाखला देऊन मी पोरांना शहाणपण शिकवत होतो.

यंदा भाषण संपल्यावर नागपूरची एक मुलगी जवळ आली. नुकतीच लागलेली, मी मराठी आहे हे कळून खूश झालेली. ‘सर, एक विचारू? ते सातवे प्लेअर होते ना, त्यांना किती गिल्टी वाटत असेल हो. आय मीन, आता काय करतात ते?’

‘मजेत आहेत,’ मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ताट तसंच ठेवून मी बाहेर आलो. ती हाक यायला लागल्यापासून पहिल्यांदा मला हाकेची भीती वाटली नाही. मला माझीच वाटली.

पुढच्या रविवारी सकाळी आनेकलची बस पकडली. पत्ता एका जुन्या गड्याकडून मिळाला होता. बसमध्ये दीड तास मी एकच वाक्य घोळवत होतो, मी हाक ऐकली होती आणि तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. एवढं बोललो की सुटलो, असं मला वाटत होतं. चिठ्ठीचा मी विचारही केला नव्हता. चिठ्ठी म्हणजे बारीकशी लबाडी, असल्या लबाड्या सगळेच करतात. पाप ते हाकेचं, असा माझा हिशेब होता.

अण्णा दारातच भेटला. पोट सुटलंय, केस मागे गेलेत. मला बघून क्षणभर गोंधळला आणि मग एवढा हसला की मला पळून जावंसं वाटलं. ‘ये की! उन्हात काय उभारलाईस?’ त्याची बायको कन्नड. तिने पाणी दिलं, चहा दिला आणि ‘ऊट माडकोंडे होगबेकु’ असं बजावलं. जेवूनच जायचं. आत रोट्या थापण्याचा आवाज सुरू झाला. अण्णा मला कारखान्याचं, आनेकलच्या पाण्याचं, गावाकडच्या पावसाचं काहीबाही सांगत राहिला. खो-खोचं नाव नाही. भिंतीवर एकही फोटो, एकही पदक नव्हतं.

शेवटी मीच म्हणालो, ‘अण्णा, त्या दिवशी तुझी हाक मला ऐकू आली होती.’

‘ठाऊक हाय मला,’ तो म्हणाला. ‘मान वळली होती की तुझी.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘ती वहीवाली माणसं मागंच उभी होती नव्हं. मी म्हटलं असतं, यानं हाक ऐकून मोडली, तर तुला कोण घेतलं असतं? दोघं बुडायच्या ऐवजी एक बुडू दे म्हटलं.’ चहाचा कप खाली ठेवत तो हसला. ‘तू ऐनवेळी घाबरलास. होतं तसं. त्याचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं? त्यासाठी आलास व्हय इतक्या लांब?’

मला रडू आलं. लपवलं नाही. चार वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं, असंच वाटलं मला. तेव्हा उठायला हवं होतं. डोळे पुसून, जेवून, पोटभर हसून घरी जाता आलं असतं.

पण मी विचारलं, ‘मग खेळ का सोडलास? माझ्यामुळंच ना?’

‘छे रे! तुझ्यामुळं कशाला?’ तो दाराबाहेर बघत म्हणाला. ‘ते सरांमुळं. म्हणजे सरांची चूक न्हाई. सरांनी मला शेवटाला टाकलं ना, तेव्हाच कळलं मला. दुसरी तुकडी सोडून मला कधी कुठं ठेवलं होतं काय त्यांनी? म्हटलं, सरांना दिसलंय. आपला दम संपलाय, आपल्याला कळायच्या आधी त्यांना कळलंय. मग आत गेलो आणि वीस-पंचवीस सेकंदांत पडलो. म्हणजे सरांचं बरोबरच होतं की. सरांची नजर कधी चुकत नसे. त्यांनी तोंडानं सांगायच्या आधी आपणच बाजूला व्हावं म्हटलं.’ मग तो म्हणाला, ‘गेले ना सर गेल्या वर्षी? मला जायला जमलं न्हाई. जायला पाहिजे होतं.’

आत रोट्या थापणं चालू होतं. मी गप्प बसलो असतो तर त्याचं काहीच बिघडलं नसतं, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. सर गेलेले, चिठ्ठी कधीच फाडून टाकलेली, साक्षीदार कुणी नाही. तो सुखाने सरांना मानत राहिला असता आणि स्वतःला संपलेला गडी समजत म्हातारा झाला असता. मी माफ झालेलाच होतो. माझ्या सोयीचं सगळं जुळून आलं होतं, आणि सोय बघण्यात माझा हातखंडा आहे. फक्त समोरच्या माणसाने चार वर्षं मैदानाकडे पाठ फिरवली होती ती माझ्या अक्षरातल्या एका ओळीमुळे, आणि ते त्याला माहीत नव्हतं.

‘सर म्हणाले नव्हते अण्णा,’ मी म्हणालो. ‘सरांनी तुला दुसऱ्या तुकडीतच ठेवलं होतं. चिठ्ठी मी बदलली.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. काही कळलं नसावं असा चेहरा होता. मग हळूहळू कळत गेलेलं मला दिसलं. तो मोठ्याने बोलला नाही, हात उगारला नाही. मला वाटत होतं, उगारावा.

‘सर म्हणाले नव्हते?’

‘न्हाई.’

‘म्हणजे दुसऱ्या तुकडीत मी होतो.’

‘व्हय. त्यांना सांगितलं, तुझा पाय भरून आलाय.’

तो खूप वेळ आपल्या पायांकडे बघत बसला. अनवाणी, रुंद, टाचांना भेगा पडलेले पाय. नंतर त्याने दोन्ही कप उचलून एकात एक घातले, उभा राहिला आणि मला विचारलं, ‘तुमची बस कितीला आहे?’

नऊ वर्षांत तो मला कधी ‘तुम्ही’ म्हणाला नव्हता. मी काही उत्तर द्यायच्या आधीच त्याने आत तोंड करून बायकोला कन्नडमध्ये सांगितलं, पाहुणे जेवायला थांबत नाहीत, त्यांच्या रोट्या टाकू नकोस.